दोरी तुटायला हवी

आरोंद्याच्या किरणपाणी पुलावर रविवारी संध्याकाळी उभं राहिलं की हल्ली एकच प्रश्न कानावर येतो, "रॉड खंयचो घेवचो?" विचारणारा बहुधा पंचविशीतला असतो. मोबाइलवर डझनभर व्हिडिओ पाहून आलेला. त्याला रॉडची लांबी, रीलचे बेअरिंग, वेणीच्या दोरीची ताकद हे सगळं तोंडपाठ असतं. फक्त शेवटचा शिक्का मारायला त्याला माझ्यासारखा एखादा जुना गरवणारा हवा असतो. मी बरीच वर्षं असे शिक्के मारले. आता मला वाटतं की चुकीच्या प्रश्नाला बरोबर उत्तर देत राहिलो, आणि त्यातून खाडीचं नुकसान झालं.

आधी उत्तर देतो, मग भांडतो.

गळ माशाच्या तोंडावरून ठरतो, आपल्या खिशावरून नाही. काळुंदराचं तोंड चिमुकलं आणि स्वभाव कुरतडायचा. त्याला बारीक गरी, बारीक तंगूस, आणि गांडूळ नाहीतर कणकेची गोळी पुरते. शेवटो चिखलावरचं शेवाळ आणि गाळ खातो. त्याच्यामागे गळ घेऊन लागण्यापेक्षा पाग मारलेला बरा. तांबोशीला सुळ्यासारखे दात असतात, आणि आमिष तोंडात धरलं की ती थेट खडकाच्या कपारीत किंवा कांदळाच्या मुळांत शिरते. तिथे एक हात जरी दोरी ढिली सोडली तरी खेळ संपला, म्हणून तिला जाड दोरी. चणकीला तसे दात नाहीत. ती भलंमोठं तोंड एकदम उघडते आणि पाण्यासकट आमिष आत ओढते. पण तिच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कड पात्यासारखी असते. त्यामुळे गरीजवळचा हातभर तुकडा जाड तंगुसाचा हवा, नाहीतर मासा दोरी कापून निघून जातो. आमिष जिवंत सुंगटाचं असावं आणि शेपटीकडे टोचावं, म्हणजे ते पाण्यात उड्या मारत राहतं.

वेळ पंचांगातून काढायची. तिथीची पाऊणपट केली की समुद्रावरच्या भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला सहा, प्रतिपदेला पाऊण. खाडीत जितकं आत जावं तितकी ती पुढे सरकते. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, ओढ कमी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात शिसं तळाला टिकत नाही. सुकती लागली की खाजणातलं पाणी मानशीतून आणि व्हाळांतून खाडीत उतरतं. त्याबरोबर सुंगटं आणि बारीक मासळी बाहेर येते, आणि मोठा मासा तोंडाशीच दबा धरून बसलेला असतो. गरवणाऱ्यानेही तिथेच बसावं.

हा नियम काही तेरेखोलपुरता नाही. कॅनडातल्या गोठलेल्या तळ्यांवर लोक बर्फाला भोक पाडून व्हाइटफिश नावाचा मासा धरतात. त्याचं तोंड लहान, खालच्या बाजूला वळलेलं आणि ओठ मऊ. तो तळावरचे किडे आणि बारीक शिंपले टिपून खातो. म्हणून तिथे आखूड काठी, बारीक दोरी, छोटा गळ, तोही तळाच्या अगदी जवळ. हिसका दिला की ओठ फाटतो आणि मासा जातो. उणे वीस अंशात बसलेला तो माणूस आणि किरणपाणीच्या पुलावर घाम पुसणारा मी, दोघांनाही आधी तोंडच बघावं लागतं.

झालं. एवढ्या माहितीवर कुणीही सामान घेऊ शकतो. आता भांडण. या सामानाने नेमका कुठला मासा मरतो, हे कुणीच का विचारत नाही?

गळाने मासे धरणारे आम्ही स्वतःला निष्पाप समजतो. जाळं सरसकट ओढतं, गळ एकेक मासा धरतो, म्हणजे गळ चांगला, असा आमचा हिशेब. तो अर्धाच खरा आहे. गळ एकेक मासा धरतो हे खरं, पण कुठला? चणक आयुष्याची पहिली काही वर्षं नर असते, आणि पुढे वाढल्यावर तिची मादी होते. म्हणजे जिच्याबरोबर आपण फोटो काढतो, ती खूप मोठी, जड चणक बहुतेक वेळा मादीच असते. अशी एक मादी एका हंगामात लाखोंनी अंडी घालते. तांबोशीचं उलट. तिची पिल्लं खाडीत, कांदळात वाढतात आणि मोठी झाल्यावर खोल समुद्रात जाऊन अंडी घालतात. तेव्हा खाडीत गळाला लागणाऱ्या तांबोश्या बहुतेक अशा, की ज्यांनी अजून एकदाही अंडी घातलेली नाहीत. आमच्या निष्पाप गळाचा हिशेब असा निघतो: तांबोशीची पोरं आणि चणकीच्या आया.

एका पावसाळ्याच्या तोंडावर मी स्वतः अशी एक आई मारली आहे. अर्धा तास झुंज दिली, पुलावर गर्दी जमली, कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. घरी चिरली तर पोटात दोन्ही बाजूंनी गाबोळी. सगळ्यांना आनंद झाला. तळलेली गाबोळी मीही खाल्ली, आणि चांगली लागली, हे लपवण्यात अर्थ नाही. ती खाताना मी ज्याला माझं कौशल्य म्हणत होतो, ते खाडीच्या पुढच्या वर्षांवर काढलेलं कर्ज होतं, हे कळायला फार वेळ लागला.

इथे हमखास आजोबा पुढे येतात. "आमच्या आज्याच्या काळात मासो काय कमी गावायचो? त्यांनी खंय मोजपट्टी लावली?" नाही लावली. पण आजोबांच्या हातात सुताची दोरी होती. ती भिजून कुजायची, खडकाला घासून तुटायची, आणि खरोखर मोठा मासा लागला की हमखास तुटायची. आजोबा हळहळायचे, चार दिवस ती गोष्ट सांगायचे. मोठा मासा मात्र खाडीत राहायचा. त्या दोरीचा कच्चेपणा हाच खाडीचा कायदा होता. तो कुणी लिहिला नव्हता, म्हणून तो गेलेला कुणाच्या लक्षात आला नाही. पुढे नायलॉनचा तंगूस आला, मग वेणीची दोरी, घसरणारा ब्रेक असलेले रील. सामानातला कच्चेपणा संपला. त्याच्या जागी माणसाने स्वतःला घालायचा नियम काही आला नाही. तेव्हा आजोबांचं नाव घेऊन आजची दोरी वापरणं ही फसवणूक आहे. परंपरा पाळायची तर त्यांची तुटणारी दोरीही पाळा.

दुसरा आक्षेप जास्त जोरात येतो. समुद्रात ट्रॉलर तळ खरवडतात, पर्ससीनवाले थवेच्या थवे उचलतात, आणि तुम्ही रविवारच्या चार हौशी पोरांवर घसरता? राग मला मान्य आहे. त्या बोटींविरुद्ध मालवण किनाऱ्यावरच्या पारंपरिक मच्छीमारांनी दिलेला लढा खरा आहे, आणि मी त्यांच्याच बाजूचा आहे. पण पर्ससीनचं जाळं किरणपाणीच्या पुलाखाली येत नाही. खाडीतली म्हातारी चणक कपारीतून शोधून, तिच्या तोंडाच्या मापाचा गळ निवडून, तिच्या भुकेची वेळ साधून बाहेर काढणारं हत्यार आपल्याच हातात आहे. शेजाऱ्याने डोंगर पोखरला म्हणून आपल्या परसातली विहीर बुजवणं शहाणपणाचं नव्हे.

आणि हे मी कुणाला म्हणतो आहे, तेही स्पष्ट करतो. होडीत बसून गरीवर घर चालवणाऱ्या गाबीत माणसाला नाही, ओहोटीला गुडघाभर चिखलात तिसऱ्या वेचणाऱ्या बाईला तर नाहीच नाही. त्यांना शिकवायची माझी लायकी नाही. ज्यांच्या जेवणाचा प्रश्न या माशावर अवलंबून नाही, जे गाडी काढून पणजीहून नाहीतर सावंतवाडीहून येतात, आणि ज्यांच्या गळाची किंमत घरातल्या महिन्याच्या मासळीपेक्षा जास्त आहे, त्यांच्याशी माझं भांडण आहे. त्यांत मीही आलो.

सरकार काय करतं? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्र बंद असतो. २०२३ साली महाराष्ट्राने ५४ प्रजातींच्या माशांचं किमान आकारमान ठरवून दिलं, तेही योग्यच झालं. पण असा नियम फार तर बंदरावर आणि बाजारात तपासला जाईल. पुलाच्या कठड्यावर मोजपट्टी घेऊन कोण उभं राहणार? शिवाय लहान मासा वाचवणं हा अर्धा विचार झाला. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये याच चणकीला बारामंडी म्हणतात. तिथे खाडीत आणि समुद्रात धरलेला ५८ सेंटिमीटरहून लहान बारामंडी सोडावा लागतो, आणि १२० सेंटिमीटरहून मोठाही सोडावा लागतो. पोरंही वाचतात, आयाही वाचतात.

आपल्याला हे परकं वाटण्याचं कारण नाही. महाडजवळच्या वाळणकोंडीत देवीचे मासे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कुणी गळ टाकत नाही. कोकणात गावोगावी देवराईतलं वाळकं लाकूडसुद्धा माणूस उचलत नाही. सोडून देणं ही आपली जुनी विद्या आहे, आपण ती फक्त झाडांपुरती आणि देवापुरती ठेवली. आरोंद्याने सातेरीच्या देवळात बसून मानशीच्या तोंडाची चार ठिकाणं पावसाचे चार महिने गळाला बंद ठेवली, तर त्यासाठी मुंबईहून आदेश यायची गरज नाही. पलीकडचा काठ गोव्याचा आहे, हे खरं. पण माशाला सीमा कळत नाही, ही सबब दोन्ही बाजूंनी वापरली तर दोन्ही बाजूंची खाडी रिकामी होते.

तोवर सामानाच्या पेटीत करण्यासारख्या गोष्टी आहेत. जिवंत आमिषासाठी टोक आत वळलेली गोल गरी घ्या. ती बहुधा ओठाच्या कोपऱ्यात रुतते, घशात जात नाही. हिसका देऊ नका, नुसती दोरी गुंडाळत या. गरीचा उलटा काटा पकडीने दाबून टाका, काही मासे सुटतील, सुटू देत. सोडायचा मासा ओल्या हाताने धरा, कल्ल्यात बोटं घालू नका, आणि पाण्याबाहेर फोटोसाठी तिष्ठत ठेवू नका. वितीएवढी तांबोशी परत टाका. जून ते सप्टेंबर मोठी चणक परत टाका. आणि दोरी गरजेपेक्षा एक नंबर बारीक घ्या.

या शेवटच्या सल्ल्यावर पुलावर सगळे हसतात. गेल्या पावसात मी एक मोठी चणक सोडली, तेव्हा शेजारचा म्हणाला, "सोडलंस? खुळो काय तू?" मी काही बोललो नाही, कारण मासा वळून खाली जाताना मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं. तरी पुढच्या रविवारी तोच माझ्याकडे आला आणि म्हणाला, "ती पकड जरा दी." त्याने स्वतःच्या गरीचा काटा दाबला आणि गप्प गरवायला बसला. रॉड कुठला घ्यावा, हे त्याने विचारलं नाही.