विश्लेषण : स्कॅनमध्ये कर्करोगासारखी दिसणारी सायनसमधली रक्ताची गाठ ओळखतात कशी?

हल्ली सीटी स्कॅनचा अहवाल डॉक्टरांच्या भेटीआधीच रुग्णाच्या मोबाइलवर येतो. एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त येते म्हणून स्कॅन केलेला असतो आणि पीडीएफच्या शेवटी लिहिलेले असते, ‘हाड झिजलेले दिसते, कर्करोगाची शक्यता तपासावी.’ घरात त्या रात्री कुणाला झोप लागत नाही. पण अशा चित्रामागे क्वचित कर्करोग नसून नुसते साचलेले जुने रक्त असते. डॉक्टर त्याला ‘ऑर्गनाइज्ड हिमॅटोमा’ म्हणतात.

ही गाठ होते कशी?

डोळ्याखाली, गालाच्या हाडातली पोकळी म्हणजे मॅक्सिलरी सायनस. बहुतेक गाठी इथेच, एकाच बाजूला सापडतात. मार लागणे, जुनी शस्त्रक्रिया, रक्त पातळ करणारी औषधे अशा कारणांनी आत रक्तस्राव होतो. कित्येकदा कारण सापडतही नाही. बाहेर पडायला वाट नसली की रक्त साचते आणि त्याभोवती तंतुमय आवरण तयार होते. मग शरीराला ते शोषून घेता येत नाही. आत नव्या नाजूक रक्तवाहिन्या वाढतात, त्यांतून पुन्हा रक्तस्राव होतो, गाठ आणखी फुगते. इंजिनीअरिंगमध्ये आम्ही याला पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणायचो. जपानमध्ये या आजाराची नोंद १९१७ पासून आहे. आजही त्यावरचे बरेच अहवाल जपान आणि दक्षिण कोरियातून येतात.

मग कर्करोगाचा संशय का येतो?

गाठीच्या सततच्या दाबाने सायनसची पातळ भिंत झिजते. सीटीवर हाड नाहीसे झालेले दिसते. ते दाबाने गेले की कर्करोगाने, हे त्यावरून खात्रीने सांगता येत नाही. एमआरआय इथे जास्त उपयोगी. टी-टू प्रतिमेत गाठीभोवती गडद कडा दिसते आणि आत नव्या-जुन्या रक्ताचे काळे-पांढरे मिश्रण.

२०२१ मध्ये महाराष्ट्राने अनुभवलेली म्युकरमायकोसिसची बुरशीही सायनसचे हाड खाते. पण ती मुख्यतः मधुमेही किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेल्या रुग्णांत, काही दिवसांतच पसरते. रक्ताची गाठ सहसा कित्येक महिने हळूहळू वाढते.

बायोप्सीने प्रश्न सुटतो का?

नेहमीच नाही, आणि खरी मेख इथेच आहे. नाकातून घेतलेल्या लहानशा तुकड्यात अनेकदा फक्त गुठळी आणि सुजलेल्या पेशी मिळतात. ‘कर्करोग नाही’ असा अहवाल आला तरी डॉक्टर थांबत नाहीत, कारण कर्करोगाच्या गाठीतूनही रक्त येते आणि तुकडा नेमका कडेचा असू शकतो. म्हणून पूर्ण गाठ काढून पॅथॉलॉजिस्टकडे पाठवतात. अंतिम निदान तिथे होते. किशोरवयीन मुलाला असा त्रास असेल तर आधी स्कॅन करतात. या वयात अँजिओफायब्रोमा नावाची गाठ असू शकते आणि तिचा तुकडा घेताना प्रचंड रक्तस्राव होऊ शकतो.

उपचार काय?

पूर्वी वरच्या ओठाच्या आतून छेद देऊन गाठ काढत. आता बहुतेकदा नाकातूनच दुर्बिणीने काढतात. पूर्ण निघाली तर ती क्वचितच परतते. केमोथेरपी किंवा रेडिएशन लागत नाही.

डॉक्टरांकडे कधी जावे?

नाकातून येणारे रक्त बहुधा नाकाच्या पुढच्या भागातले असते. डोके थोडे पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटे दाबून धरला की ते थांबते. न थांबल्यास लगेच रुग्णालय गाठावे. पण रक्त दरवेळी एकाच बाजूने येत असेल, तीच नाकपुडी बंद राहत असेल, गाल सुजला असेल किंवा एकाऐवजी दोन दिसत असतील, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना लवकर दाखवावे आणि स्कॅनच्या फिल्म किंवा सीडी सोबत न्यावी. नुसती पीडीएफ पुरत नाही.