भीमबेटक्याच्या पायवाटेवर

भीमबेटका कोणी कोणी पाहिलंय, असं मी गेल्या महिन्यात आपल्या मंडळाच्या ग्रुपवर विचारलं होतं. बहुतेकांचं उत्तर एकच: शाळेच्या ट्रिपला गेलो होतो, आता काही आठवत नाही. शाळेच्या ट्रिपला पाहिलेली जागा पाहिली असं धरू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. त्या वयात आपण डबा पाहतो आणि बसमधली खिडकीची जागा. तेव्हा मंडळी, या वेळी भीमबेटका.

इंदूरहून भोपाळ सुमारे १९० किलोमीटर, तिथून आणखी ४५. भोपाळ शहरात न शिरता बायपासने मंडीदीप, ओबेदुल्लागंज ओलांडायचं आणि नर्मदापुरमच्या रस्त्यावर उजवीकडे वळून रेल्वे फाटक पार करायचं. गाडी वर टेकडीपर्यंत जाते. पहाटे पाचला निघालो तर साडेनऊपर्यंत पोचतो, पोहे-जिलबीचा थांबा धरून.

पायवाट लहान आहे. फरसबंद, जेमतेम दीड किलोमीटरची, आणि तिच्या कडेकडेने पंधरा निवारे पाहायला खुले आहेत. सह्याद्रीत किल्ले चढणाऱ्या माझ्या पुण्याच्या मावसभावाला हा ‘ट्रेक’ म्हणून सांगितला तर तो फोन ठेवून देईल. पण घरात सत्तरीचे वडील आणि नऊ वर्षांची मुलगी असली की एवढी वाट अगदी बरोबर असते. सागाचं आणि तेंदूचं जंगल, मधून मधून वर आलेले वालुकाश्माचे प्रचंड खडक, आणि कड्यावर पोचलं की खाली लांबवर पसरलेला सपाट मुलूख. विंध्याची ही दक्षिणेकडची किनार.

आपण गुहा म्हणतो, पण खऱ्या अर्थाने या गुहा नाहीत. शैलाश्रय हा शब्द जास्त बरोबर आहे. वालुकाश्माचे मऊ थर वारा-पावसाने आधी झिजतात, टणक थर वर छज्जासारखे राहतात, आणि खाली माणसाला बसायला, झोपायला, पाऊस टाळायला जागा होते. या छज्जामुळेच चित्रं वाचली. ऊन नाही, थेट पाऊस नाही. नाव भीमाच्या बैठकीवरून पडलं असं सांगतात, आणि ते खडक पाहिल्यावर हे नाव ठेवणाऱ्याला नावं ठेवावीशी वाटत नाहीत.

आता आपल्या जिव्हाळ्याचा भाग. ही जागा जगापुढे आणली ती विष्णु श्रीधर वाकणकरांनी. जन्म १९१९चा, नीमचचा. कर्मभूमी उज्जैन. म्हणजे पुण्या-मुंबईचे नव्हेत, आपल्यासारखेच माळव्यातले मराठी. १८८८ साली किंकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एका लेखात या जागेचा उल्लेख केला होता, पण स्थानिक लोकांच्या सांगण्यावरून, बौद्ध अवशेष म्हणून. चित्रांचा पत्ता नव्हता. वाकणकरांना भोपाळकडे येताना आगगाडीच्या खिडकीतून हे खडक दिसले आणि १९५७ मध्ये ते शोध घेत वर आले, अशी हकिकत आहे. भोपाळ-इटारसी रेल्वेमार्ग आजही इथून जवळून जातो. मी त्या गाडीने कित्येकदा गेलोय आणि खिडकीतून मोबाइलचं नेटवर्क शोधलंय.

१९७५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १९८८ मध्ये ते गेले, २००३ मध्ये भीमबेटका जागतिक वारसा यादीत आलं. सत्तरच्या दशकात इथे पद्धतशीर उत्खननं झाली, एका निवाऱ्याचं पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वीरेंद्रनाथ मिश्रांनी, दुसऱ्याचं खुद्द वाकणकरांनी. आता शेजारच्या रातापाणी व्याघ्र प्रकल्पाला वाकणकरांचंच नाव दिलंय. जंगलाला चित्रकाराचं नाव! ते मुळात चित्रकार होते हे विसरायला नको. खडकावरच्या चित्रांच्या नकला हाताने उतरवून घेणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम.

बाबांचं लहानपण उज्जैनचं, त्यामुळे वाकणकर हे नाव आमच्या घरात पहिल्यापासून आहे. बाबा सिंचन खात्यात ड्राफ्ट्समन होते. रेघ कशी आहे यावरून ते माणसाची पारख करतात. भीमबेटक्याला जायचं ते नोकरीत असल्यापासून म्हणत होते आणि दर वेळी काहीतरी आडवं येत होतं. या वर्षी ‘पुढच्या हिवाळ्यात बघू’ म्हणण्यासारखी परिस्थिती उरली नव्हती. दीड वर्षापासून त्यांच्या दृष्टिपटलाला आजार आहे. डोळ्यात इंजेक्शनं चालू आहेत, पण नजरेच्या बरोबर मध्यभागी एक धुरकट डाग आहे. कडेचं दिसतं, समोरचं नाही. तुमच्याकडे पाहायचं तर ते तुमच्या कानापलीकडे बघतात.

म्हणून आम्ही डिसेंबरात निघालो, आणि गाडीत बसतानाच बाबांनी नातीला कामावर घेतलं. ‘‘तू माझे डोळे. जे दिसेल ते सांगायचं. पण मराठीत.’’

हे शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे. माझी मुलगी मराठी समजते, आजीशी बोलते, पण तिची मराठी स्वयंपाकघरापुरती आहे. भूक लागली, पाणी दे, झोप आली. शाळा, खेळ, मैत्रिणी, भांडणं सगळं हिंदीत आणि इंग्रजीत. तुमच्याही घरी वेगळं नसावं. आम्ही दोघं नवरा-बायको ऑफिसातून दमून येतो आणि ती ज्या भाषेत विचारेल त्याच भाषेत उत्तर देऊन मोकळे होतो.

पहिला मोठा निवारा म्हणजे ‘ऑडिटोरियम’. खडकातून आरपार गेलेला बोगदाच, चारही दिशांना तोंडं, आणि मध्यभागाजवळ एक भलामोठा सुटा धोंडा. इथे खडकावर वाटीएवढे खळगे आहेत, माणसाने ठोकून ठोकून केलेले. काही संशोधक ते लाखभर वर्षांहून जुने मानतात. मुलीने वर्णन सुरू केलं, ‘‘आजोबा, बहुत बडी... खूप मोठी टनेल आहे.’’ ‘‘बोगदा. वर काय?’’ ‘‘छत.’’ ‘‘ते मला कळतंय, डोकं आपटत नाही म्हणजे उंच आहे. कसं आहे छत?’’ ती बराच वेळ वर बघत राहिली आणि म्हणाली, ‘‘सुरकुत्यांचं.’’ आजीच्या हातावरून तिला हा शब्द माहीत आहे. बाबांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या कानाकडे, पाहिलं.

याच छताची एक गोष्ट मला फार आवडते. २०२० मध्ये काही भूगर्भशास्त्रज्ञांना इथे वर एक पानासारखा ठसा दिसला. डिकिन्सोनिया या अतिप्राचीन जीवाचं हे जीवाश्म आहे, वय सुमारे ५५ कोटी वर्षं, असा शोधनिबंध आला आणि जगभर बातम्या झाल्या. मग फ्लोरिडा विद्यापीठातले जोसेफ मीर्ट आणि त्यांचे सहकारी प्रत्यक्ष येऊन बघून गेले. त्यांनी २०२३ च्या सुरुवातीला दाखवून दिलं की हे मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचं उरलेलं निशाण आहे. ५५ कोटी वर्षांवरून थेट पोळ्यावर! मूळ शोध मांडणारे ग्रेगरी रिटॅलॅक यांनीही नवा पुरावा मान्य केला. आमच्या क्षेत्रात कोड रिव्ह्यूमध्ये एवढा दिलदारपणा मी क्वचित पाहिलाय. आणि हो, आग्या मोहोळं या खडकांवर आजही लटकलेली असतात, तेव्हा आरडाओरडा करू नका.

पुढचा ‘झू रॉक’ हा सगळ्या वाटेचा मेरुमणी. एकाच खडकावर हत्ती, सांबर, गवे, हरणं आणि त्यांच्यावरून रंगवलेले घोडेस्वार, हत्यारबंद माणसं. पांढरा रंग आणि गेरूचा लाल. मजा अशी की नंतर आलेल्याने आधीच्याचं पुसलं नाही, त्याच्यावरच काढलं. मध्याश्मयुगातल्या शिकाऱ्यापासून ऐतिहासिक काळातल्या स्वारापर्यंत सगळे एका भिंतीवर. कोणती रेघ कोणत्या रेघेच्या वर आहे हे बघूनच वाकणकरांनी चित्रांचे कालखंड लावले. आम्ही फाइलचा इतिहास बघतो तसंच, फक्त इथे कोणी तारीख टाकलेली नाही.

इथे आजोबा आणि नात यांचं खरं काम सुरू झालं. ‘‘एक हिरण आहे.’’ ‘‘हरीण. किती मोठं?’’ ‘‘माझ्या हाताएवढं. त्याचे सींग...’’ ‘‘शिंगं. कशी?’’ ‘‘झाडासारखी.’’ ‘‘मग ते सांबर असेल. पोटात काय भरलंय?’’ ‘‘रेघा. नाही, चौकोन पण आहेत.’’ ‘‘रेघ थरथरलीय की एका दमात काढलीय?’’ या प्रश्नाला ती अडली. तिने हवेतल्या हवेत बोटाने ती रेघ गिरवून पाहिली, कठड्याच्या अलीकडून, आणि म्हणाली, ‘‘एका दमात. पण शेपटीकडे रंग संपला.’’

मी तिथे पाच मिनिटं उभा राहून ही शेपटी पाहिली नव्हती. तिने सांगितल्यावर पाहिली.

बाबा मान वळवून, खडकाच्या बाजूच्या झुडपाकडे बघत उभे होते. तिथल्या रखवालदाराला वाटलं यांना सापडत नाहीये. ‘‘अंकल, इधर देखिए, इधर.’’ बाबा म्हणाले, ‘‘इधरही देख रहा हूँ भैया.’’ त्याला काही कळलं नाही, पण त्याने पुढचा अर्धा तास आमच्याबरोबर काढला. एरवी नजरेतून सुटतील अशी दोन-तीन चित्रं त्यानेच दाखवली. एका ठिकाणी चित्राशेजारी कोणा प्रेमवीराने आपलं आणि तिचं नाव कोरून ठेवलंय. मुलीने तेही इमानदारीने वाचून दाखवलं. आजोबा म्हणाले, ‘‘हे सांगू नको. हे मला दिसलं नाही तरी चालेल.’’

वाटेच्या शेवटी पंधरावा निवारा, ‘बोअर रॉक’. उंचावर एक अजस्र लाल जनावर, रानडुकरासारखं, पण डोक्यावर शिंगं आणि तोंड बैलाचं. त्याच्यापुढे जीव घेऊन पळणारा माणूस, अगदी काडीएवढा. जवळ एक खेकडाही आहे. असा प्राणी जगात नाही. कोणीतरी तो पाहिला नाही, रचला. बहुतेक मुलांना रात्री घाबरवायला, असं मुलीचं म्हणणं.

आणि इथे बाबा एकदम म्हणाले, ‘‘थांब, सांगू नको.’’ चित्र इतकं मोठं आहे की मधला डाग सोडूनही त्याच्या कडा उरतात. ते एक पाऊल डावीकडे सरकले, मान तिरकी केली, मग दोन पावलं मागे गेले. आम्ही गप्प. ‘‘पाठीची कमान दिसतेय,’’ ते म्हणाले. ‘‘लाल आहे. एकाच झटक्यात ओढलीय, शाब्बास रे गड्या.’’ मग थोड्या वेळाने, ‘‘माणूस कुठाय?’’

‘‘पुढे, खाली. छोटासा आहे,’’ मुलगी म्हणाली. ‘‘आजोबा, तो धडपडतोय.’’

हा शब्द तिला कोणी शिकवला, मला आजही ठाऊक नाही.

परतताना भोजपूर जरूर करा, वाट फार वाकडी होत नाही. भोजराजाच्या काळातलं अकराव्या शतकातलं अपूर्ण राहिलेलं शिवमंदिर, बेतवेच्या काठी. आजूबाजूच्या खडकांवर मंदिराचे नकाशे कोरलेले आहेत, आणि ते खोल कोरलेले असल्यामुळे बाबांनी ते पार जमिनीवर बसून पाहिले. तिथे आमचा दीड तास गेला. त्यांनी अख्ख्या खात्याच्या ड्रॉइंग ऑफिसच्या गोष्टी सांगितल्या आणि नातीला ‘ओळंबा’ हा शब्द दिला. तो ती आता शाळेत वापरते आहे, अर्थात चुकीच्या जागी.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, सकाळी लवकर पोचा. पाणी आणि खाणं बरोबर ठेवा. चित्रांना हात लावू नका, फ्लॅश मारू नका. वाटेवर थोड्या पायऱ्या आणि उंच-सखल दगड आहेत, काठी लागणाऱ्यांनी काठी न्यावी. दुर्बीण असेल तर न्या. आणि घरातलं पोर आणि आजी-आजोबा एकाच गाडीत बसवा, मागच्या सीटवर, शेजारी शेजारी.