खाणीतील पाणी, काँक्रीटची भिंत आणि हरवलेला नकाशा

१/ मराठवाड्यात ईटसारख्या गावी पाणी लागावे म्हणून खडक फोडतात. विदर्भाच्या कोळसा खाणींत नेमकी उलट काळजी असते: खडक फोडताना पाणी लागू नये. तेथे भीती असते ती पूर्वजांनी खणून सोडून दिलेल्या आणि पुढे पाण्याने भरलेल्या बोगद्यांची.

२/ १० डिसेंबर १९५४. छिंदवाडा जिल्ह्यातील न्यूटन चिखली खाणीत पाणी घुसून ६३ कामगार मृत्युमुखी पडले. त्या वेळी मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. तरीही मराठी वाचकांच्या स्मरणात ही घटना जवळजवळ नाही.

३/ १८ नोव्हेंबर १९७५. नागपूर जिल्ह्यातील सिलेवाडा खाणीत पाण्याने १० बळी घेतले. त्यानंतर ३९ दिवसांनी, २७ डिसेंबरला, धनबादजवळील चासनाला खाणीत वरच्या जुन्या कामातील पाणी कोसळले आणि ३७५ जण गेले. चासनालाच्या छायेत सिलेवाडा विसरले गेले.

४/ यावर अभियंत्यांचा एक उपाय आहे बल्कहेड, म्हणजे बोगदा बंद करणारी काँक्रीटची आडभिंत. तिच्यावरील भार केवढा? १०० मीटर उंचीचा जलस्तंभ प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १०० टन भार टाकतो. बोगदा ४ मीटर रुंद व ३ मीटर उंच असेल, तर भिंतीवर १,२०० टन!

५/ म्हणून ती घराच्या भिंतीसारखी पातळ नसते. बाटलीच्या बुचासारखी लांब असते. बाजूच्या खडकात खाचा पाडून ती रुतवतात. काँक्रीट व खडक यांच्यातील फटींत दाबाने सिमेंटचे द्रावण भरतात. झडप असलेला नळ आणि दाबमापक बसवतात, कारण मागचे पाणी किती चढले हे कळत राहणे आवश्यक असते.

६/ आणि तरीही पाणी भिंतीतून क्वचितच वाट काढते. ते भिंतीला वळसा घालून खडकातील भेगांतून येते. गंधकयुक्त खनिजांमुळे आम्लधर्मी झालेले पाणी तर काँक्रीटलाच झिजवते. एका बोगद्याचे तोंड बंद केले की पाण्याची पातळी चढते आणि ते दुसरीकडे डोके काढू शकते.

७/ म्हणजे भिंत कोठे बांधायची, तिच्यामागे किती पोकळी आहे, दुसरी वाट कोणती, हे सर्व एकाच कागदावर अवलंबून असते. तो कागद म्हणजे जुन्या खाणीचा नकाशा.

८/ जुन्या कामापासून ६० मीटरच्या आत जायचे असेल, तर भारतीय नियमांनुसार परवानगी लागते आणि पुढे भोके पाडून चाचपणी करावी लागते. ‘मग नकाशाचे एवढे काय?’ असा आक्षेप घेतला जातो. पण हे ६० मीटर मोजायचे कोठून? नकाशावरूनच. तोच अपुरा असेल, तर सावधगिरी सुरू होण्यापूर्वीच पाणी गाठते.

९/ जुलै २००२ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या क्वीक्रीक खाणीत हेच घडले. शेजारच्या बंद खाणीची हद्द नकाशात चुकीची होती. नऊ जण तीन दिवसांहून अधिक काळ अडकले. सुदैवाने सर्व वाचले. त्या बंद खाणीचा अखेरचा नकाशा नंतर सापडला तो विंडबर येथील कोळसा संग्रहालयात!

१०/ या घटनेचा अर्थ इतिहासप्रेमींनी नीट समजून घ्यावा. दप्तर जपणे ही केवळ भूतकाळाची सेवा नसते. किल्ल्याचा नकाशा हरवला तर ज्ञान हरवते. खाणीचा नकाशा हरवला तर पुढच्या पिढीतील माणसे बुडू शकतात. २००१ मध्ये झारखंडमधील बागडिगी खाणीत शेजारच्या बंद जयरामपूर खाणीचे पाणी शिरले आणि २९ जण गेले. चासनालाला तेव्हा पाव शतक उलटले होते.

११/ राष्ट्रीयीकरण १९७३ चे. त्यापूर्वीच्या खासगी कंपन्यांची कागदपत्रे विदर्भात जेथे असतील तेथून शोधली जावीत: निवृत्त सर्वेक्षकांच्या ट्रंकांतून, बंद कार्यालयांच्या कपाटांतून. ती तपासून, प्रतिमारूपात जतन करून सर्वांस खुली करावीत. काँक्रीटच्या तुलनेत हा खर्च नगण्य आहे.

१२/ महाराष्ट्रात गडकोटांसाठी शेकडो तरुण रविवार देतात. त्यांतील काहींनी सावनेर, उमरेड, बल्लारपूर, वणी येथील जुन्या खाणकामगारांच्या आठवणी आणि नकाशे गोळा करण्याचे काम हाती घ्यावे. तो इतिहास जमिनीखाली आहे आणि त्याच्या शेजारी आजही माणसे काम करीत आहेत.