आम्हाला कुठलं गाव घेतं?

गावाला जा म्हणे.

सांगणारा माणूस वाईट नाही. वांद्र्याला राहतो, त्याचाही जोडीदार पुरुषच, दोघांचं बिऱ्हाड चौदाव्या मजल्यावर. आमची खोली गेली हे कळल्यावर त्यानं चहा पाजला, पाठीवर हात ठेवला. म्हणाला, तुम्ही दोघं मुंबई सोडा. एखादं शांत गाव बघा. साधी माणसं असतात, कुणी कुणाच्या अध्यातमध्यात नसतं.

मी हसलो. इतका हसलो की हॉटेलातलं पोरगं फडकं टाकून बघायला लागलं.

दोस्तांनो, गावात कुणी कुणाच्या अध्यातमध्यात नसतं, हे वाक्य ज्याच्या तोंडून निघतं त्याला जात विचारावी लागत नाही. ती आपणहून सांगतो तो.

आता सरळच लिहितो. आडपडदा ठेवायला आमच्याकडे पडदाच राहिलेला नाही. मी सव्वीस वर्षांचा. मॅट्रिक पास. गोदीत कंत्राटावर, रात्रपाळीला. जहाजातून पोलादाच्या कॉइली उतरतात, सकाळी हात धुतले तरी गंज नखातून जात नाही. याच अंकांतून माझ्या कविता तुम्ही वाचल्यात. त्यातली 'ती' कोण, असं तुम्ही चारचौघांत डोळे मिचकावून विचारत आलात. ती कुणी नाही. तो आहे. चार वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो, एका स्टोव्हवर रांधलं, एका चादरीत झोपलो. पेपरवाले याला समलैंगिक म्हणतात. वस्तीत दुसरे शब्द आहेत. ते लिहीत नाही, तुम्हाला पाठ आहेत.

खोली शिवडीच्या अंगाला होती. दहा बाय दहा. मालक शेटजी नव्हता, बामण नव्हता. मालक आपलाच. भिंतीवर बाबासाहेब, दारावर निळी पट्टी, १४ एप्रिलला वर्गणीत सगळ्यात मोठा आकडा त्याचा. पहिल्या दिवशी त्यानं आडनाव ऐकलं आणि डिपॉझिट कमी केलं होतं. आपलीच पोरं, म्हणाला होता. मग कुणीतरी कान भरले. तो दारात आला, चपलाही काढल्या नाहीत. वस्तीत लहान पोरं आहेत, म्हणाला. आठ दिवस दिले. डिपॉझिटमधले अर्धे कापून घेतले, कशाचे ते सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही. आयुष्यभर प्रत्येकाला 'का' विचारत आलेलो आम्ही, त्या दिवशी गप्प बसलो. त्याची लाज मालकापेक्षा मला जास्त वाटते.

तर गाव. चला, गाव शोधू.

वांद्र्याच्या मित्रानं उदाहरण दिलं वेंडेल रॉड्रिक्सचं. कपड्यांचा मोठा कारागीर, २०१४ साली पद्मश्री मिळालेला. मुंबईत वाढला आणि गोव्यात कोलवाळला जाऊन राहिला, आपल्या जोडीदाराबरोबर, जेरोम मारेल या फ्रेंच माणसाबरोबर. २००२ साली दोघांनी फ्रेंच कायद्याखाली नातं नोंदवलं. लपवाछपवी नाही, खेड्यात उघड संसार. २०२० साली वेंडेल गेला तो त्याच गावात. मी त्या माणसाला नावं ठेवणार नाही. ज्या काळात ३७७ कलम डोक्यावर टांगलेलं होतं त्या काळात खेड्यात असं राहायला छाती लागते.

पण कोलवाळ हे त्याचं मूळ गाव. त्याला तिथं घर होतं, नाव होतं, आणि गावातून चालताना पाटलाच्या ओट्यासमोर पायतली वहाण हातात घेतल्याची आठवण त्याच्या आज्याच्या पायात नव्हती. आज गोव्यात जुनी घरं विकत घेऊन राहणारी शहरी जोडपी आहेत. राहू देत, सुखात राहू देत. पण गावानं त्यांना घेतलं, असं मला कुणी सांगू नये. त्यांनी गावातलं घर घेतलं. या दोन गोष्टींत एका खरेदीखताचं अंतर आहे.

आमच्यापुढं गावं दोनच. त्याचं आणि माझं.

माझं गाव रायगडात. गाव म्हणजे काय, बौद्धवाडी. कोकणात प्रत्येक जातीची वाडी वेगळी, आणि प्रत्येक वाडीची गावकी. मी सातवीत होतो तेव्हा आमच्याच वाडीनं एक घर वाळीत टाकलेलं पाहिलंय. हळदीला बोलावणं नाही. दळायला गिरणी नाही. त्या घरातला म्हातारा गेला तेव्हा खांद्याला चौथा माणूस मिळेना. ज्यांच्या बापांना गावानं शतकानुशतकं वाळीत टाकलं, त्यांनी हातात सत्ता येताच पहिलं काम तेच केलं. वाळीत टाकण्याची कला आपण किती लवकर शिकलो! मागच्या गणपतीत चुलता म्हणाला, तू एकटा ये, घर तुझंच हाय. एकटा या शब्दावर त्यानं जोर दिला.

त्याचं गाव सोलापूर जिल्ह्यात. तिथं आम्ही बुद्धपौर्णिमेला तीन दिवस राहिलो. तिथली भांडणं वेगळी: वरात मारुतीसमोरून न्यायची की नाही, निळ्या झेंड्याचा खांब कुठं उभा करायचा. वाडा पन्नास उंबऱ्यांचा, नळ वाड्यात आलाय, पण पाणी सुटतं गावाचं भरून झाल्यावर. त्याची आई शेतमजुरी करते. पहिल्या रात्री तिनं दोन अंथरुणं टाकली. दुसऱ्या रात्री एकच टाकलं, काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चुलीपुढं भाकरी थापत म्हणाली, "मला दिसतंय की. आंधळी हाय व्हय मी? पर गावाला कळू देऊ नगा. वाड्याला मारायला त्यास्नी आदीच निमित्त लागतंय. आनखी एक काठी कशाला द्यायाची हातात?"

या बाईनं शाळा पाहिली नाही. मला वाटतं तिनं जे सांगितलं ते आमच्या एकाही व्याख्यात्याला सांगता येणार नाही. ती आम्हाला नाकारत नव्हती. ती मार मोजत होती. वांद्र्याच्या मित्राला गावात फक्त एक भिंत दिसते, मन मोकळं आहे की नाही. तिला दोन दिसत होत्या. पहिली गावाची, दुसरी वाड्याची. आम्ही दोघं दोन्ही भिंतींच्या बाहेर.

गंमत बघा, कायद्यालाही त्या दोन दिसतात. गावानं बौद्ध म्हणून, महार म्हणून आमचा बहिष्कार केला तर १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आहे. आणि आपल्याच समाजानं आपल्याच माणसाला वाळीत टाकलं तर महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, २०१६ चा, २०१७ पासून लागू. जातपंचायती आणि गावक्या यांच्या जाचातून तो आला, आमच्या रायगडातली प्रकरणं त्यात पुढं होती. तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. त्या कायद्यात भेदभावाची जी कारणं मोजली आहेत त्यात नैतिकता आहे, राजकीय कल आहे आणि लैंगिकताही आहे. आमच्या गावकीच्या पुढाऱ्यांना हे माहीत नाही. तुम्हालाही नसेल. मलाही खोली जाईपर्यंत नव्हतं. पण फौजदाराकडं जाऊन चुलत्याला आत टाकायचं आणि मग त्याच वाडीत पाणी भरायचं, हे कलम कुठल्या कायद्यात आहे?

आणि जमीन. त्याच्या आईच्या नावावर अठरा गुंठे आहेत, जुन्या महारवतनातले, हाडकीहाडोळ्याचे. उद्या ते त्याच्या नावावर येतील. तो गेला तर? मी त्याची बायको असतो तर वारस म्हणून तलाठ्याकडं माझं नाव लागलं असतं. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं आम्हाला गुन्हेगारांच्या यादीतून काढलं. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच कोर्टानं सांगितलं, लग्नाचा हक्क आम्ही देऊ शकत नाही, ते कायदेमंडळानं बघावं. म्हणजे सोबत झोपा, सोबत मरा, सातबाऱ्यावर सोबत येऊ नका. विकत घ्यावं म्हटलं तर महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. मृत्युपत्र करून द्यावी म्हटलं तरी हीच गोष्ट आडवी येते. माझ्या बापजाद्यांनी दुसऱ्याच्या शेतात जन्म काढला, म्हणून कागदावर मी शेतकरी नाही. एकाच दगडाखाली दोन्ही पाय अडकलेत. कुठला पाय जातीचा आणि कुठला प्रेमाचा, सांगा.

एक बारीक फट आहे. २०२४ साली केंद्रानं राज्यांना कळवलं की रेशनकार्डापुरतं अशा जोडप्याला एकाच घरातलं समजा. मी ती बातमी कापून खिशात ठेवली आणि रेशन हपिसात गेलो. कारकुनानं ती उलटीसुलटी बघितली, मागच्या बाजूला साबणाची जाहिरात होती. असलं पत्र आमच्याकडं नाही, म्हणाला. मी पुन्हा जाणार आहे.

आता आपल्या पोरांबद्दल. बैठकीत हा विषय मी काढला तेव्हा हशा पिकला. एकजण म्हणाला, हे भरल्या पोटाचे चोचले, आपल्यापुढं भाकरीचा प्रश्न आहे. साल्या, खोली हा भाकरीचा प्रश्न नाही? आठ दिवसांत रस्त्यावर आलेल्या माणसानं भाकर कुठं भाजायची, तुझ्या डोक्यावर?

बाबासाहेबांचं नाव घेऊन मला गप्प करणाऱ्यांनी जरा बाबासाहेब वाचावा. १९३४ साली र. धों. कर्व्यांवर 'समाजस्वास्थ्य' मासिकासाठी अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांनी लैंगिक प्रश्न विचारले होते, त्यात समलिंगी संबंधांचाही होता, आणि कर्व्यांनी उत्तरं छापली एवढाच गुन्हा. महाडचा आणि काळारामाचा लढा लढलेला, गोलमेज परिषदा गाजवून आलेला माणूस हायकोर्टात त्या कर्व्यांचा वकील म्हणून उभा राहिला. माणसाला पडलेल्या प्रश्नाला उत्तर देणं म्हणजे घाण नव्हे, ही त्यांची बाजू. खटला हरले. कर्व्यांना दंड झाला. त्यांना नव्हती का भाकरीच्या प्रश्नाची जाण?

आणि खेड्याचं म्हणाल तर ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत त्यांनी खेड्याच्या भक्तांची सालटी काढली. घटनेनं गाव हा घटक टाकून व्यक्ती हा घटक धरला याचं समाधान बोलून दाखवलं. व्यक्ती! जातीची नव्हे, वाडीची नव्हे, गावकीची नव्हे. एकटा माणूस, त्याच्या हाडामांसासकट आणि त्याच्या चादरीसकट. त्याआधी, जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत आपल्या लोकांनी स्वतंत्र वसाहतींची मागणी केली. प्रेमानं घेणारं गाव शोधत फिरा, असं त्या ठरावात नव्हतं. सरकारी पड जमीन द्या, आम्ही आमचं गाव वसवतो, असं होतं. ती गावं कधी वसली नाहीत. मी रात्री क्रेनखाली उभा असतो तेव्हा कधीकधी त्या न वसलेल्या गावांचा नकाशा डोळ्यासमोर येतो आणि मला भीतीच वाटते: त्या गावाच्या वेशीवरही कुणीतरी आम्हाला थांबवून विचारलं असतं, दोघंच? बाईमाणूस कुठाय?

त्याचं मत माझ्यापेक्षा वेगळं आहे, तेही लिहायला हवं. तो शिवणकाम करतो, कारखान्यातल्या धुळीनं त्याला दमा लागलाय. त्याला गाव हवंय. तो म्हणतो, तू भाषण करतोस, मला हवा पाहिजे. मी त्याला हजार कारणं सांगितली. त्यानं एकच विचारलं, मुंबईनं काय दिलं? रात्री एकला विचारलं. मला उत्तर आलं नाही, बोटाचा गंज खरवडत बसलो.

मग आम्ही बसून ठरवलं, काय बघायचं ते. डोंगर नको, नदी नको, साधी माणसं तर अजिबात नकोत. यष्टी किती वाजता शेवटची येते. दमा उसळला तर दवाखाना किती लांब. शिलाई मशीनला गिऱ्हाईक मिळेल एवढी वस्ती आहे का, मला बाजार समितीत हमाली मिळेल का. वाड्यात नळ आहे का. बायकांचा बचतगट चालतो का, कारण जिथं बायका एकमेकींच्या ओसरीवर बसून बोलतात तिथं पुरुषांची जीभ जरा सांभाळून चालते, हा माझा अनुभव. मसणवट वाड्याची आहे का, की अजून ओढ्याच्या काठानं जाळावं लागतं. आणि आमच्यातला एक गेला तर दुसऱ्याला खांदा देऊ देतील का. हा शेवटचा प्रश्न त्यानं सांगितला, मी लिहून घेतला.

म्हणून हे तुमच्यापुढं मांडतोय. हे मासिक वाचणाऱ्या प्रत्येकाचा कुठंतरी एक वाडा आहे. आजी आहे, चुलती आहे, बंद पडलेलं एक घर आहे ज्याची चावी शेजारी असते. तुम्ही दरवर्षी जयंतीला तिथं जाता, माईकवर समता म्हणता, परत येता. मला सहानुभूती नको, कविता आवडली असंही कळवू नका. मासिकाच्या पत्त्यावर एक कार्ड टाका. गावाचं नाव, तालुका, भाडं किती, पाणी कधी येतं. वाड्याला आधी विचारा, आणि काय विचारलं ते खरं लिहा. मित्र आहेत, भाऊ आहेत, कामावरचे सोबती आहेत, असलं सांगून खोली मिळवू नका, तशा खोल्या मुंबईत मिळतात आणि आठ दिवसांत जातात.

सामान फार नाही. शिलाई मशीन, स्टोव्ह, पुस्तकांची एक पेटी, बाबासाहेबांचा फोटो. खाट एकच लागेल.