डिस्क त्याची, डेटा सगळ्यांचा

सबमिशनला दोन दिवस. रात्रीचे साडेअकरा. एडिटिंग लॅबमध्ये आम्ही सहा जण, गार झालेले वडापाव आणि एक काळी, तळहाताएवढी हार्ड डिस्क. डिस्कचा दिवा लागतोय. हात ठेवला तर बारीक थरथर जाणवतेय, म्हणजे आतली तबकडी फिरतेय. पण कॉम्प्युटरला विचाराल तर तो म्हणतो, कोण डिस्क? कुठली डिस्क?

मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला प्रत्येक ग्रुपला एक डॉक्युमेंटरी करावी लागते. आमची होती पेठेतल्या एका जुन्या छापखान्यावर. तिथल्या कंपोझिटर काकांचा जन्म खिळे जुळवण्यात गेलेला. त्यांनी आमच्यासाठी ट्रेडल मशीन चालू करून दाखवलं, एका लग्नपत्रिकेच्या पन्नास प्रती छापल्या. आमचं शूट संपल्यावर तीन आठवड्यांत ती जागा रिकामी झाली आणि मशीन किलोच्या भावाने भंगारात गेलं. म्हणजे ‘रीशूट करू या’ हे वाक्य म्हणायचीही सोय उरली नाही. जे काही होतं ते त्या काळ्या डबीत होतं. आणि फक्त त्या डबीत होतं.

पुढच्या दहा मिनिटांत आम्ही जे केलं त्याबद्दल मला हा लेख लिहायचाय. एकाने डिस्क पंधरा वेळा काढून लावली. एकाने पोर्टमध्ये फुंकर मारली. एकीने मोबाइलवर रील दाखवलं, डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायची म्हणे. मग कधीतरी वायर वाकडी धरल्यावर डिस्क दिसली आणि स्क्रीनवर ती सुप्रसिद्ध चौकट आली: ही डिस्क वापरायची असेल तर आधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? ‘अरे, ओके कर ना, त्याशिवाय उघडणारच नाही ती,’ मागून कोणीतरी म्हणालं. माउस तिकडे निघालाही होता. डिस्क ज्याची होती, त्याला आपण बार्शीवाला म्हणू, त्याने सरळ माउसवर हात ठेवला. तो एरवीही कमी बोलतो. त्या रात्री तर एक शब्द नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. डिस्क बिघडते तेव्हा डेटा बहुतेक वेळा जागेवरच असतो. तो जातो त्यानंतरच्या अर्ध्या तासात, आपल्या हातून.

‘फॉरमॅट करू का?’ या चौकटीचा खरा अर्थ ‘तुमची डिस्क गेली’ असा नसतो. ‘यावरचं लिखाण मला वाचता येत नाही’ एवढाच असतो. आता वाचता का येत नाही, याची कारणं भरपूर. आपल्याकडे लॅबमध्ये मॅक आणि घरी विंडोजचा लॅपटॉप, हे नेहमीचं चित्र. मॅकच्या स्वतःच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली डिस्क विंडोजला लावली की विंडोज हीच चौकट दाखवतं. डिस्क ठणठणीत, डेटा ठणठणीत, फक्त समोरच्याला ती लिपी येत नाही. मोडी वाचता येत नाही म्हणून कागद जाळून टाकावा तसा प्रकार. आणि आमच्या आधीच्या बॅचच्या एका ग्रुपने नेमकं हेच केलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

मग करायचं काय? आधी कानाने बघा. डिस्क कानाजवळ धरा. एकसारखी घरघर असेल तर ठीक. ‘टक्... टक्... टक्’ असा ठरावीक अंतराने आवाज येत असेल तर वायर काढा आणि तिथेच थांबा. तबकडीवरून अगदी केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावर फिरणारी वाचणारी सुई, तिला हेड म्हणतात, ती जागा सापडत नसल्याने परत परत धडपडतेय असा त्याचा अर्थ असू शकतो. अशा वेळी ‘एकदा अजून लावून बघू’ हे म्हणजे फ्रॅक्चर झालेल्याला चालून दाखव म्हणण्यासारखं. फ्रीजरचं तर नावच काढू नका. बाहेर काढल्यावर आत दव धरतं, आणि मग दुरुस्तीवालासुद्धा हात टेकतो.

आवाज बरा असेल तर संशय पहिला वायरवर. मला हे खरंच माहीत नव्हतं. त्या पोर्टेबल डिस्कला जी चपटी, रुंद पिन असते ना, ती वापरून वापरून सैल होते. बॅगेत डिस्कला वायर लावून तशीच कोंबायची आपल्याला सवय. दिवा लागतो, कारण वीज पोहोचते, पण डेटाच्या तारांनी मान टाकलेली असते. म्हणून वायर बदला, पोर्ट बदला. हब मध्ये नको. लॅबमधला मोठा कॉम्प्युटर असेल तर पुढच्या पोर्टऐवजी मागच्या बाजूच्या पोर्टला लावा, ते थेट मदरबोर्डवर असतात. यूएसबीचं जुनं २.० पोर्ट साधारण ५०० मिलिअँपिअर देतं, ३.० वालं ९००. डिस्कला सुरू होताना तेवढा जोर लागतो, आणि तो मिळाला नाही की ती उठते, पडते, उठते, पडते. शेवटी दुसऱ्याच कॉम्प्युटरला लावून बघा. तिथे दिसली तर प्रश्न डिस्कचा नव्हताच.

एवढं करूनही ‘धिस पीसी’मध्ये दिसत नसेल तरी रडायला घेऊ नका. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा (मॅकवर ‘डिस्क युटिलिटी’). खरी हजेरी तिथे लागते. डिस्क तिथे ‘हेल्दी’ म्हणून बसलेली असेल, पण तिला ई, एफ असं अक्षरच मिळालेलं नसेल, तर अक्षर द्या, विषय संपला. माझ्या रूममेटची डिस्क अशीच दोन मिनिटांत सापडली, आणि ती नवीन घ्यायला निघाली होती! तिथे ‘रॉ’ लिहिलेलं असेल तर वरचा हिशेब विस्कटलाय, आतला माल बहुधा आहे. ‘नॉट इनिशियलाइज्ड’ असेल आणि डिस्क नवीकोरी असेल तर काळजी नाही, नवीन डिस्कला ते करावंच लागतं. पण भरलेल्या डिस्कबद्दल असं विचारलं तर उत्तर एकच, नाही. आणि यूट्यूबवाला दादा ‘चेकडिस्क चालवा’ म्हणाला म्हणून लगेच चालवू नका. तो प्रोग्रॅम डिस्कचा हिशेब नीट करतो, तुमच्या फाइली वाचवणं हे त्याचं काम नाही. मरायला टेकलेल्या डिस्कवर तो तासन्‌तास चालला तर उरलेला जीवही काढतो.

आमची डिस्क ‘रॉ’ दाखवत होती. कारण नंतर कळलं. मॅक आणि विंडोज दोन्हीकडे चालावी म्हणून आम्ही ती ‘एक्सफॅट’मध्ये फॉरमॅट केली होती. सोय चांगली आहे, पण एक्सफॅट आपल्या कामाची नोंदवही ठेवत नाही. लिहिता लिहिता मध्येच तोडलं तर कुठवर आलो होतो हे त्याला आठवत नाही. विंडोजचं ‘एनटीएफएस’ याबाबतीत जरा जबाबदार. आमची वायर सैल, त्यात ‘इजेक्ट’ न करता डिस्क उपटायची सगळ्यांना घाई. कधीतरी कॉपी चालू असताना तुटलं असणार. कोणाच्या हातून? माहीत नाही. सहापैकी कोणाच्याही.

आणि इथेच मला खरा राग येतो. कारण त्या रात्री बारा वाजता सगळ्यांनी बार्शीवाल्याकडेच बघितलं. ‘तुझी डिस्क आहे ना? तू बॅकअप नाही घेतलास?’ सकाळी सरांचाही पहिला प्रश्न हाच. बॅकअप का नाही घेतला?

जरा हिशेब करू. आमचा कॅमेरा ४के मध्ये सेकंदाला १०० मेगाबिट लिहितो. म्हणजे तासाला ४५ जीबी. फुकटच्या गुगल खात्यात मिळतात १५ जीबी, त्यात तुमचे मेल आणि फोटोही आले. म्हणजे क्लाउडवर आमचा वीस मिनिटांचा शूट मावतो. तोही हॉस्टेलच्या वायफायने दया दाखवली तर. उरते दुसरी डिस्क. तिची किंमत मेसच्या दीड-दोन महिन्यांच्या पैशांइतकी. बार्शीवाल्याने पहिलीच डिस्क दिवाळीच्या सुट्टीत मोबाइलच्या दुकानात उभं राहून कमावलेल्या पैशांतून घेतली होती. ग्रुपमध्ये ती एकट्याकडे होती म्हणून सगळ्यांनी वापरली. वापरताना ती ‘आपली डिस्क’ होती. बंद पडल्यावर ‘तुझी’ झाली.

शिवाय कार्डांचं काय? कॅमेरा विभागाचा. तो त्याच दिवशी सहाच्या आत परत करायचा आणि मेमरी कार्ड रिकामी करून द्यायची, नाहीतर दंड. म्हणजे फुटेजची मूळ प्रत संध्याकाळी सहाला पुसायचीच, हा नियम. कॉपी कुठे ठेवायची, किती ठेवायच्या, याबद्दल नियम नाही. पाच सेमिस्टरमध्ये मला संवादाच्या मॉडेलच्या आकृत्या दहा वेळा काढायला लावल्यात. दोन प्रती तपासून झाल्याशिवाय कार्ड पुसू नये, हे कोणीही एकदाही सांगितलं नाही. गंमत म्हणजे ‘आलम आरा’ हा १९३१ चा आपला पहिला बोलपट आणि त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही, हे मात्र परीक्षेत दोन मार्कांना येतं.

मोठ्यांचंही असंच होतं, हे सांगायला हवं. ‘टॉय स्टोरी २’ बनत असताना, १९९८ मध्ये, पिक्सारमध्ये कोणीतरी एक चुकीची कमांड दिली आणि पात्रं, सेट एकेक करून गायब व्हायला लागले. बॅकअप होता, पण तो नीट काम करत नव्हता, हे तेव्हाच कळलं. सिनेमा वाचला तो गॅलिन सुसमन या टेक्निकल डायरेक्टरमुळे. बाळ लहान म्हणून ती घरून काम करत होती आणि तिच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती. तो कॉम्प्युटर पांघरुणात गुंडाळून गाडीतून ऑफिसात आणला. एवढ्या मोठ्या स्टुडिओचं हे, तर आपण तिघांत एक डिस्क वापरणारी पोरं.

म्हणून ‘बॅकअप का नाही घेतला’ हा प्रश्न विद्यार्थ्याला विचारण्याआधी विभागाने स्वतःला विचारावा, असं माझं स्पष्ट मत आहे. फार नाही मागत. प्रोजेक्टच्या काळात दर ग्रुपमागे विभागाची एक डिस्क, कपाटात. कार्ड परत घेताना ‘रिकामं आहे का’ या प्रश्नाआधी ‘दोन ठिकाणी कॉपी झालं का’ हा प्रश्न. लॅबच्या ड्रॉवरमध्ये प्रत्येक प्रकारची एक-एक चांगली वायर. आणि शंभरपैकी पाच मार्क फुटेज नीट सांभाळल्याचे. मार्क ठेवले की आम्ही काहीही करतो, हे कॉलेजला आमच्याहून चांगलं माहीत आहे. ‘मोबाइलमुळे तुम्हाला सगळं येतं’ असं मोठ्यांना वाटतं. आम्हाला अ‍ॅप वापरता येतं. फाइल कुठे राहते, हे आमच्यातल्या निम्म्यांना सांगता येणार नाही. मलाही त्या रात्रीपर्यंत आलं नसतं.

आपली चूक नाही असं नाही. बिलं सहा जणांत वाटतो तशी डिस्क वाटली असती, म्हणजे सुरुवातीलाच सहाशे-सातशे काढून दुसरी घेतली असती, तर हा लेख लिहावा लागला नसता. पण त्याच महिन्यात आम्ही ग्रुपचे हुडी छापले. पाठीवर डॉक्युमेंटरीचं नाव.

दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्क घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथल्या दादांनी पहिलं वाक्य टाकलं, ‘यावर काय काय प्रयोग केलेत ते खरं सांगा. डॉक्टरशी आणि माझ्याशी खोटं बोलू नका.’ सांगितलं. फॉरमॅट केलं नाही म्हटल्यावर त्यांनी पहिल्यांदा मान वर करून बघितलं. मूळ डिस्कला हात न लावता त्यांनी आधी तिची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवली आणि मग त्या नकलेतून फाइली शोधल्या. हीच पद्धत बरोबर. घरी फुकटच्या ‘फोटोरेक’सारख्या सॉफ्टवेअरने प्रयत्न करायचा तरी सापडलेल्या फाइली त्याच डिस्कवर सेव्ह करायच्या नाहीत, नाहीतर एक वाचवताना दुसरी चिरडते. (एसएसडी असेल तर अजून घाई करा. पुसलेला डेटा ती स्वतःच मागच्या मागे साफ करत असते.)

तीन दिवस लागले. सरांनी मुदत वाढवून दिली, ते मान्य करायला हवं. बत्तीस क्लिप्सपैकी एकोणतीस आल्या, नावं जाऊन नुसते आकडे घेऊन. बसून एकेक उघडून बघितली. न आलेल्या तिघींत ट्रेडल मशीन पहिल्यांदा सुरू होतानाची क्लिप होती.

तो आवाज शेवटी सापडला एकीच्या फोनमध्ये. शूटच्या दिवशी तिने व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला टाकायला सतरा सेकंदांचा उभा व्हिडिओ घेतला होता. मागे आमचंच खिदळणं, मध्येच काकांचं ‘हात सांभाळ गं पोरी’. तोच वापरला. स्क्रीनिंगला काका आले होते, त्यांनी त्या सतरा सेकंदांत मान हलवून ठेका धरला.

दुकानाचं बिल झालं साडेसहा हजार. बार्शीवाल्याने आधी भरून टाकलं, नंतर वाटून घ्यायचं ठरलं. चौघांचा हिशेब पूर्ण झालाय, त्यात तो स्वतः आला. दोघांचे पैसे अजून बाकी आहेत, त्यातली एक मी. या महिन्याचा स्टायपेंड आला की देणार आहे.