मगरी मोजायच्या त्या कशासाठी

भिलवडी, औदुंबर, कसबे डिग्रज या कृष्णाकाठच्या पट्ट्यात मगरीने हल्ला केला की दोन मागण्या होतात. मगरी पकडून न्या, आणि त्या आहेत किती ते सांगा. दुसरी मागणी रास्त आहे; मात्र एका आकड्याने तिचे समाधान होणार नाही.

माण-आटपाडीकरांना हा विषय परका वाटेल. माणगंगा वर्षातला बराच काळ कोरडीच. पण टेंभू आणि जिहे-कठापूर योजनांतून या दुष्काळी पट्ट्यात येते ते पाणी कृष्णेचेच. त्याच नदीवरच्या बंधाऱ्यांनी अडवलेले, उन्हाळ्यातही न आटणारे डोह मगरींना मानवतात.

हिवाळ्यात सकाळी मगरी ऊन खायला मळीवर येतात, तेव्हा त्या दिवसा मोजता येतात. रात्री होडीतून विजेरीचा झोत टाकला की त्यांचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. होडी जवळ नेऊन लांबीचा अंदाज घ्यायचा. तेवढ्यात मगरीने बुडी मारली तर नोंद होते ‘फक्त डोळे’. ऑस्ट्रेलियात हॅरी मेसेल यांच्या पथकाने 1970च्या दशकात उत्तरेकडच्या नद्या रात्री अशाच पिंजून काढल्या. काही मगरी पाण्याखाली, काही झुडपांआड राहणारच. त्यामुळे हाती येते ती दिसलेल्यांची संख्या, असलेल्यांची नव्हे. धरणातून पाणी सोडले, मळी बुडाली, तर आकडा घसरतो. मगर एकही कमी झालेली नसते. म्हणून तोच पट्टा, तोच हंगाम, शक्यतो तेवढेच पाणी आणि एकाऐवजी अनेक फेऱ्या, हे पथ्य पाळावेच लागते. 2019 किंवा 2021सारख्या महापुरानंतरची मोजणी आधीच्या आकड्याशेजारी मांडताना तर फारच सांभाळावे. पूर मगरींना कुठच्या कुठे नेतो; 2019च्या पुरात शेजारच्या कर्नाटकातील रायबाग तालुक्यात मगर घराच्या छपरावर जाऊन बसली होती!

एकूण संख्येपेक्षा लांबीनिहाय नोंद आम्हाला मोलाची वाटते. गणनेत पिल्लांची भर पडली आणि माणसाला धोकादायक अशा मोठ्या मगरी तेवढ्याच राहिल्या, तर आकडा फुगतो. धोका त्या प्रमाणात वाढत नाही. घरट्यांचेही तसेच. मादी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये काठाला खड्डा करून 25-30 अंडी घालते आणि राखण करत जवळपास थांबते. पिल्ले पावसाच्या तोंडावर बाहेर पडतात. कुठे वाळू उपसलेली, कुठे ऊस थेट पाण्यापर्यंत आलेला; मोकळा काठ उरतो तो नेमका पाणवठ्यालगत. मे महिन्यात म्हशी पाण्यावर घालणाऱ्याला एकूण आकड्यापेक्षा घरटे कुठे आहे हे कळणे जास्त गरजेचे.

आता पहिल्या मागणीबद्दल, म्हणजे मगरी पकडून नेण्याबद्दल. मगरीला 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, पण अडचण केवळ कायद्याची नाही. ऑस्ट्रेलियातील केप यॉर्कमध्ये हेलिकॉप्टरने दूर नेऊन सोडलेली एक मगर चारशेहून अधिक किलोमीटर पोहून 20 दिवसांत मूळ जागी परतली. ती खाऱ्या पाण्यातली, आपल्याकडच्या गोड्या पाण्यातल्या मगरीची जात वेगळी. तरीही हलवाहलवीवर भिस्त ठेवण्याआधी विचार करायला लावणारी ही नोंद आहे.

वनविभागाने गणना करावी, दरवर्षी करावी. निकाल मात्र जिल्ह्याच्या एका आकड्यात गुंडाळू नये. कोणत्या घाटाजवळ मोठी मगर दिसली, कोणत्या मळीवर घरटे आहे, रात्री मोटार चालू करायला कोणत्या वाटेने उतरू नये, हे त्या त्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तारखेसह लागले पाहिजे, आणि तेही मार्च सरायच्या आत.