जुनं काय ठेवायचं, नवं काय घालायचं?

दोस्तांनो, त्र्यंबकेश्वरहून जव्हारला निघालात, की तोरंगणचा घाट लागतो. भरलेला ट्रक हा घाट उतरतो तो ब्रेकच्या भरवशावर! आपल्याकडच्या बहुतेक ट्रकच्या चाकात लोखंडी ड्रम असतो. त्याच्या आत कमानीसारखे दोन 'शू' असतात आणि त्यांवर रिव्हेट ठोकून बसवलेले लायनर. ब्रेक दाबला, की लायनर ड्रमला घासतात. सोडला, की स्प्रिंग त्यांना मागे ओढते.

लायनर झिजले, की बदलतात. मग बाकीच्या सामानाचं काय? शू वाकलेला किंवा तडकलेला नसेल, तर तोच पुन्हा चालतो. रिव्हेट मात्र नवेच हवेत, कारण काढताना ते मोडतात. आणि स्प्रिंग? दिसायला ती धडधाकट असते. पण सततच्या उष्णतेनं तिचा ताण कमी होतो. मग ब्रेक सोडला तरी लायनर घासतच राहतात, ड्रम तापतो, आणि तापलेला ब्रेक नेमका उतारावर दगा देतो. म्हणून लायनरबरोबर स्प्रिंगही नवी घालावी. काटकसर करावी, पण जिवाशी खेळून नव्हे.

आता तुमची सायकल उचला आणि चाक हातानं फिरवा. ब्रेक सोडल्यावरही रबर रिमला घासतंय का? मग आधी स्प्रिंग बघा हं!